१४२८५७ : बाकीत दडलेली संख्या



आज एकाच संख्येवर पाठ घेऊ या. संख्या आहे १४२८५७, म्हणजे एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. 'गणिताची जादू' अशा नावाने मोबाईलवर जे काही फिरत असतं, त्यात ही संख्या तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. वर्गात दाखवली की मुलं खूश होतात, टाळ्या वाजवतात. मग एखादं पोर हळूच विचारतं, "पण असं का होतं?" आणि बऱ्याचदा त्याला उत्तर मिळतं, "ती संख्याच तशी आहे."

या उत्तराने मुलाचा प्रश्न तिथेच संपतो. खरं तर या 'का'चं उत्तर पाचवीच्या मुलाला वही-पेन्सिल घेऊन स्वतः काढता येतं. लागतो फक्त ७ चा पाढा आणि भागाकाराची रीत. म्हणून या लेखात आधी गंमत पाहू, मग तिचं कारण शोधू आणि शेवटी हा पाठ वर्गात किंवा घरी कसा घ्यायचा ते पाहू.

आधी गंमत

१४२८५७ ला १ ते ६ ने गुणा.

१४२८५७ × १ = १४२८५७
१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

प्रत्येक उत्तरात तेच सहा अंक आहेत आणि त्यांचा क्रमही तोच आहे. फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून होते. सहा मुलं गोलात उभी केली आणि प्रत्येकाच्या हातात १, ४, २, ८, ५, ७ यांतला एकेक अंक दिला, तर कोणापासून वाचायला सुरुवात करायची एवढंच बदलतं. अशा संख्येला चक्रीय संख्या म्हणतात.

आता ७ ने गुणा.

१४२८५७ × ७ = ९९९९९९

इथे चक्र एकदम मोडलं आणि सगळे नऊ आले! मुलं इथे हमखास "अरेच्चा!" म्हणतात. थांबायचं ते इथेच. पुढची गंमत लगेच सांगू नका. सहापर्यंत चक्र चालतं आणि सातलाच का मोडतं, हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा.

ही संख्या येते कुठून?

गुणाकार बाजूला ठेवू आणि एक भागाकार करू. दहा लाखांना ७ ने भागा. १०,००,००० ÷ ७. मुलांना हा भागाकार मोठा वाटतो, पण यात १ नंतर नुसते शून्यच आहेत. त्यामुळे प्रत्येक पायरीला एकच काम आहे. मागच्या बाकीपुढे शून्य घ्यायचा आणि ७ ने भागायचं.

१० ला ७ ने भागलं : सात एके सात, भाग १, बाकी ३
३० ला : सात चोक अठ्ठावीस, भाग ४, बाकी २
२० ला : सात दुणे चौदा, भाग २, बाकी ६
६० ला : सात आठे छप्पन्न, भाग ८, बाकी ४
४० ला : सात पाचे पस्तीस, भाग ५, बाकी ५
५० ला : सात साते एकोणपन्नास, भाग ७, बाकी १

सहा शून्य संपले. भागाकार आला १४२८५७ आणि बाकी उरली १.

आता मुलांचं लक्ष भागाकाराकडून बाकीकडे वळवा. आपण १ पासून सुरुवात केली. मग बाकी आल्या ३, २, ६, ४, ५ आणि परत १. म्हणजे जिथून निघालो तिथेच येऊन पोचलो. आणखी शून्य घेत राहिलो, तर पुन्हा १० ला ७ ने भागायचं, पुन्हा ३० ला. तेच अंक त्याच क्रमाने येत राहणार, कधीच संपणार नाहीत. आठवी-नववीत मुलं १/७ = ०.१४२८५७१४२८५७... असा आवर्ती दशांश शिकतात, तो हाच. पण तो समजायला दशांश चिन्ह आलंच पाहिजे असं नाही.

मुलांना विचारा, "७ ने भागताना बाकी कोणकोणत्या येऊ शकतात?" ती सांगतील ०, १, २, ३, ४, ५, ६. पुढचा प्रश्न : "इथे बाकी ० येईल का?" बाकी ० यायची, तर १०, १००, १००० अशी एखादी संख्या ७ च्या पाढ्यात असायला हवी. पण या संख्या २ आणि ५ यांच्याच गुणाकाराने बनतात, त्यात ७ कुठेच नाही. म्हणून ० येत नाही. उरल्या सहा बाकी आणि ७ च्या बाबतीत या सहाही बाकी एकेकदा हजेरी लावतात. म्हणून चक्र सहा अंकांचं होतं.

आता गुणाकाराचं कारण

दहा लाखांऐवजी तीस लाखांना ७ ने भागलं तर? सुरुवात ३ पासून. ३० ला ७ ने भागायचं, भाग ४, बाकी २. मग २० ला. मग ६० ला. थांबा, ही पायरी तर आपण मघाशीच केली आहे! पहिल्या भागाकारात १० नंतर ३० च आले होते. म्हणजे तीस लाखांचा भागाकार हा दहा लाखांचाच भागाकार आहे, फक्त दुसऱ्या पायरीपासून सुरू केलेला. उत्तर ४२८५७१, बाकी ३.

आणि तीस लाख म्हणजे दहा लाखांची तिप्पट. दहा लाख म्हणजे ७ × १४२८५७ आणि वर १. त्याची तिप्पट केली तर भागाकार तिप्पट होईल आणि बाकीही तिप्पट, म्हणजे ३. म्हणून १४२८५७ × ३ आणि ४२८५७१ ही एकच संख्या असणार.

२ साठी बघायचं तर २ ही बाकी जिथे आली, त्या पायरीपासून सुरू करा : २८५७१४. ६ साठी ६ बाकीपासून : ८५७१४२. कोणत्याही मुलाला आता गुणाकार न करता उत्तर सांगता येतं.

आणि ७ ला चक्र का मोडतं? कारण बाकीची सात पट म्हणजे ७. ७ ने भागताना बाकी ७ राहूच शकत नाही, तिचा आणखी एक पूर्ण भाग जातो. बाकीच्या गोलात ७ ला जागाच नाही. शिवाय दहा लाख = ७ × १४२८५७ + १, म्हणून ७ × १४२८५७ म्हणजे दहा लाखांत एक कमी, अर्थात ९,९९,९९९. फळ्यावर लिहून ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

आपण शाळेत भागाकार शिकवतो तेव्हा बाकी म्हणजे शेवटी उरलेलं काहीतरी, उत्तरपत्रिकेत एका कोपऱ्यात लिहायचं, असं मुलांच्या मनात बसतं. इथे मुलांना दिसतं की पुढचा प्रत्येक अंक बाकीच ठरवते. भागाकाराची रीत पाठ असलेली, पण त्या रीतीत नेमकं काय चाललंय हे न कळलेली मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी हा पाठ मला फार उपयोगी वाटतो.

अजून काही गुणधर्म

१) नवांची जोडी. संख्येचे मधोमध दोन भाग करा आणि बेरीज करा. १४२ + ८५७ = ९९९. कारण सोपं आहे. एक पट आणि सहा पट मिळून सात पट होते, म्हणून १४२८५७ + ८५७१४२ = ९९९९९९. ही बेरीज उभी मांडून बघा. प्रत्येक घरात ९ आलाय, हातचा कुठेच नाही. १ खाली ८, ४ खाली ५, २ खाली ७. गोलात उभ्या मुलांना समोरच्या मुलाशी जोडी लावायला सांगा, प्रत्येक जोडीची बेरीज ९ येईल. त्या जागांवरच्या बाकींच्या जोड्या लावा (१ आणि ६, ३ आणि ४, २ आणि ५), प्रत्येक बेरीज ७ येईल.

दोन-दोन अंकांचे तीन भाग केले तर १४ + २८ + ५७ = ९९.

२) सातच्या पुढे. १४२८५७ × ८ = ११४२८५६. हे सात अंक झाले. आता उजवीकडचे सहा अंक ठेवा आणि डावीकडे उरलेला १ त्यांत मिळवा. १४२८५६ + १ = १४२८५७. पुन्हा तीच संख्या! कारण असं की, दहा लाखांच्या घरातला १ उचलून एककात मिळवला म्हणजे संख्येतून दहा लाख काढले आणि १ परत दिला. एकूण ९,९९,९९९ कमी केले, म्हणजेच सात पट कमी केली. आठ पटीतून सात पट गेली, उरली एक पट.

३) वर्षाचे दिवस. हा प्रकार मुलांना सर्वांत जास्त आवडतो. १४२८५७ ला ३६५ ने गुणा. उत्तर येतं ५२१४२८०५. उजवीकडचे सहा अंक १४२८०५, डावीकडे उरले ५२. त्यांची बेरीज १४२८५७. आता मुलांना विचारा, हे ५२ कुठून आले? ३६५ दिवसांत ५२ पूर्ण आठवडे आणि वर १ दिवस असतो. तेच ५२ पुढे आले आणि उरलेल्या एका दिवसामुळे एक पट उरली. लीप वर्षाचे ३६६ घेतले तर ५२२८५६६२ येतात. ५२ + २८५६६२ = २८५७१४, म्हणजे दोन पट, कारण ५२ आठवडे जाऊन २ दिवस उरतात. आपला वाढदिवस दरवर्षी एका वाराने पुढे का सरकतो आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली की दोन वारांनी का सरकतो, हे इथेच सांगून टाका.

४) अवयव. १४२८५७ = ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. तसंच १४३ × ९९९ = १४२८५७. हा गुणाकार तोंडी होतो. १४३ हजारांतून १४३ वजा करा, झालं.

५) वर्ग. १४२८५७ × १४२८५७ = २०४०८१२२४४९. याचे दोन भाग करा, उजवीकडे सहा अंक. २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. संख्येचा वर्ग करून त्याचे दोन तुकडे जोडले की मूळ संख्या परत येते. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात.

हे नाव आपल्या एका शिक्षकाचं आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. विज्ञानाची पदवी घेतल्यावर त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतलं नव्हतं. शाळा सांभाळून ते संख्यांशी खेळत राहिले. ६१७४ हा प्रसिद्ध कापरेकर स्थिरांक त्यांनी १९४९ मध्ये शोधला. लहान मुलांना कापरेकर संख्या दाखवायची असेल तर ४५ घ्या. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. मग ५५ आणि ९९ मुलांना करायला द्या. त्यानंतर २९७ द्या. वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७.

सगळ्या संख्या अशाच वागतात का?

हा प्रश्न मुलांकडून यायला हवा. नाही आला तर आपण विचारायचा. भागायला ७ ऐवजी दुसरी मूळ संख्या घेऊन बघा.

३ ने भागलं तर बाकी कायम १ च राहते, म्हणून ३३३३... येत राहतात. ११ ने भागलं तर १ आणि १० या दोनच बाकी फिरतात. १३ ने भागलं तर बारा बाकी शक्य असतात, पण १ पासून निघालो तर सहाच बाकी भेटतात आणि परत १ येते. म्हणून १३ ची दोन वेगळी चक्रं होतात, ०७६९२३ आणि १५३८४६. १, ३, ४, ९, १०, १२ ने गुणलं तर पहिल्या चक्रातली संख्या मिळते, बाकीच्या सहांनी गुणलं तर दुसऱ्या चक्रातली.

७ नंतर सगळ्या बाकी घेऊन फिरणारी मूळ संख्या १७ आहे. तिचं चक्र सोळा अंकी असतं : ०५८८२३५२९४११७६४७. सुरुवातीचा शून्य विसरायचा नाही, तो गोलातला एक मुलगा आहे. याची दुप्पट करा : ११७६४७०५८८२३५२९४. तेच सोळा अंक, तोच क्रम. १९, २३ आणि २९ यांचंही असंच होतं.

अशा मूळ संख्या किती असतील? त्या कधीच संपत नाहीत असं गणितज्ञांना वाटतं. एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या अंदाजातून तेच निघतं. पण ते अजून कोणालाही पूर्ण सिद्ध करता आलेलं नाही. मुलांना हे जरूर सांगा. सात ने भागता भागता आपण अशा प्रश्नापाशी पोचतो, ज्याचं उत्तर मोठमोठ्या गणितज्ञांकडेही नाही, हे ऐकून वर्गात वेगळाच उत्साह येतो.

वर्गात कसं घ्यायचं?

पहिली तासिका : संख्या आधी सांगू नका. मुलांना १०,००,००० ÷ ७ हा भागाकार करायला द्या आणि प्रत्येक पायरीची बाकी लाल पेन्सिलीने लिहायला सांगा. कॅल्क्युलेटर नको, कारण त्यात बाकी दिसत नाहीत. भागाकार आल्यावर गटांना २ ते ६ यांतली एकेक संख्या वाटून द्या आणि १४२८५७ ला गुणायला सांगा. सगळी उत्तरं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि गप्प बसा. तेच अंक येतायत हे मुलांनाच दिसू द्या.

दुसरी तासिका : सहा मुलांना गोलात उभं करा. प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला भागाकारातला अंक आणि पाठीवर तो अंक काढताना हातात असलेली बाकी चिकटवा. १ अंकाच्या पाठीवर १, ४ च्या पाठीवर ३, २ च्या पाठीवर २, ८ च्या पाठीवर ६, ५ च्या पाठीवर ४ आणि ७ च्या पाठीवर ५. "पाच पट सांगा" म्हटलं की पाठीवर ५ असलेल्या मुलाने सुरुवात करायची : ७१४२८५. मैदानावर हा खेळ छान रंगतो.

तिसरी तासिका : स्थानिक किंमत. सहाही उत्तरं मोठ्याने वाचून घ्या. २८५७१४, दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा. ४२८५७१, चार लाख अठ्ठावीस हजार पाचशे एकाहत्तर. मग एकाच अंकावर बोट ठेवा. १४२८५७ मध्ये ७ ची किंमत ७ आहे. ४२८५७१ मध्ये ७०, २८५७१४ मध्ये ७००, ८५७१४२ मध्ये ७,०००, ५७१४२८ मध्ये ७०,००० आणि ७१४२८५ मध्ये ७,००,०००. सहा उत्तरांत ७ सहाही घरांत फिरून येतो. स्थानिक किमतीच्या सरावाला यापेक्षा चांगली उदाहरणं मिळणं कठीण आहे.

तिसरी-चौथीची मुलं असतील तर दहा लाखांचा भागाकार नको. १०, ३०, २०, ६०, ४०, ५० यांना ७ ने भागून बाकी लिहायला सांगा आणि बाकीचा गोल काढायला लावा. तेवढं पुरे.

पालकांसाठी : घरी १० रुपये ७ जणांत सारखे वाटायला सांगा. प्रत्येकी १ रुपया, उरले ३ रुपये. त्यांचे ३०० पैसे करा. प्रत्येकी ४२ पैसे, उरले ६ पैसे. १ रुपया ४२ पैसे, म्हणजे १, ४, २ हे पहिले तीन अंक इथेच आले. आणि उरलेले ६ पैसे म्हणजे तिसऱ्या पायरीची बाकी ६.

मुलांना कळलं का हे कसं ओळखाल?

चक्र पाठ म्हणता येणं म्हणजे समजणं नव्हे. हे चार प्रश्न विचारा.

१) ७ ने भागताना हातात बाकी ४ आहे आणि पुढे शून्यच शून्य आहेत. पुढचे सहा अंक सांग.
२) ७ ने गुणल्यावर चक्र का मोडलं?
३) १४२८५७ ला १५ ने गुणून डावीकडचे जास्तीचे अंक उजवीकडच्या सहा अंकांत मिळवले, तर काय येईल? गुणाकार न करता सांग.
४) ५ ने भागताना असं चक्र का मिळत नाही?

पहिल्याचं उत्तर ५७१४२८. दुसऱ्याचं वर आलंच आहे. तिसऱ्याचं १४२८५७, कारण १५ मध्ये सातच्या दोन पटी जाऊन १ उरतो. चौथ्यात १० ला ५ ने पूर्ण भाग जातो, बाकी ० येते आणि खेळ संपतो.

ज्या मुलाला चौथ्याचं कारण स्वतःच्या शब्दांत सांगता येईल, त्याला भागाकार कळला असं खुशाल समजा. बोलताना ते अडखळलं, उलटसुलट सांगितलं, तरी चालेल. त्याला मध्येच थांबवून आपली वाक्यं त्याच्या तोंडी घालू नका. आणि एखाद्याने "मग ३७ ने भागलं तर?" असं विचारलं, तर उत्तर न देता त्याच्या हातात कागद द्या. तीनच पायऱ्यांत त्याला कळेल.